बाबांनी जोडलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी एका पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर होते आणि बाबा ओसरीत पेपर वाचत बसले होते. पडदा काळा झाला, आतला पंखा थांबला, आणि मी सवयीनं आधी वर पाहिलं. मोताळ्यात मे महिन्यात लाईट जाणं ही काही बातमी नाही. पण छताचा पंखा फिरत होता, खिडकीतला कूलर खळखळत होता. लाईट होती. एकटा माझा कॉम्प्युटर गेला होता.

"बाबा," अशी हाक तोंडातून निघाली आणि मी लगेच जीभ चावली. बाबांना हे कळायला नको होतं.

का नको होतं ते सांगते. मी घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करते आणि मुद्रितं तपासते. थोडक्यात, लोकांच्या चुका शोधणं हा माझा धंदा आहे, आणि घरचे म्हणतात की तो माझा स्वभावही आहे. जुना कॉम्प्युटर म्हातारा झाला तेव्हा पुण्यातल्या माझ्या धाकट्या भावानं नव्याची यादी पाठवली. हा बोर्ड, हा प्रोसेसर, त्याच्यावर बसवायचा हा कूलर. सुटे भाग घेतले की स्वस्त पडतं आणि चांगलंही, म्हणाला. आता जोडणार कोण? बाबा म्हणाले, मी. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी वीज खात्यात वायरमनकी केली. खांबावर चढून, वाऱ्यापावसात, अर्ध्या तालुक्याचा उजेड परत आणला. त्यांच्यासाठी हा खोका म्हणजे किरकोळ काम.

पण भावाला ते पटलं नव्हतं. कारण त्याआधी दोन महिन्यांपासून बाबा विसरायला लागले होते.

एकदा ते बाजारातून पायी घरी आले. हातात भाजीची पिशवी, घामानं शर्ट ओला, आणि स्कूटर बाजारातच. आईनं विचारलं तेव्हा ते दाराबाहेर बघतच राहिले. दुसऱ्यांदा, एका सकाळीच त्यांनी मला तीनदा विचारलं, "सिलिंडरचा नंबर लावला का वं?" तिन्ही वेळा मी हो म्हटलं आणि तिन्ही वेळा त्यांना ते नवीन वाटलं. मी सगळ्यात जास्त घाबरले ती वेळ तिसरी. नळाचं काम करताना त्यांनी माझ्यापुढे हात केला आणि म्हणाले, "ते दे. ते... ते नाई का, धराचं." त्यांना पक्कड हवी होती. वायरमन माणूस, उभा जन्म जी वस्तू खिशात घेऊन फिरला, तिचं नाव त्याला सापडत नव्हतं. मी पक्कड दिली आणि मोरीत जाऊन उगाच तोंड धुतलं.

भावानं अकोल्याच्या डॉक्टरांची तीन-चार आठवड्यांनंतरच्या सोमवारची वेळ घेऊन टाकली. बाबांना सांगायचं काय? आम्ही तिघांनी ठरवलं की आईचे गुडघे दाखवायला जातोय असं सांगायचं, आणि सोबत आलेच आहात तर तुम्हीही दाखवा म्हणायचं. आईचे गुडघे खरंच दुखतात, त्यामुळे हे अगदी खोटंही नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं. तरी मला ते अकोल्याचं नको होतं. मी भावाशी भांडले. म्हटलं, साठीनंतर सगळेच विसरतात. आणि भांडणाच्या भरात बोलून बसले, "बाबांना कॉम्प्युटर जोडू दे. एवढे बारीक जोड जर त्यांनी बरोबर दिले, तर अकोला रद्द."

"आणि चुकले तर?" भाऊ म्हणाला.

"चुकले तर त्या सोमवारी मी स्वतः घेऊन जाईन."

म्हणजे ती परीक्षा मीच लावली होती, बाबांना न सांगता.

बाबांनी दोन दिवस घेतले. पलंगावर जुनी चादर अंथरली, सगळे भाग ओळीनं मांडले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणि डोळ्यांवरून कपाळावर असा फिरत राहिला. भावानं पाठवलेला व्हिडिओ ते थांबवून थांबवून पाहत होते. प्रोसेसरवर लावायची ती राखाडी पेस्ट किती घ्यायची, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुरीच्या दाण्याएवढी. जास्त नाई." निवृत्तीनंतर इतके खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं. कॉम्प्युटर पहिल्याच झटक्यात सुरू झाला तेव्हा आईनं त्याच्यापुढे नारळ फोडला आणि टीव्हीच्या रिमोटला घालतो तशी एक पारदर्शक पिशवी माऊसला घातली. ती मी दुसऱ्या दिवशी काढली, तर आईला राग आला.

आठ दिवस कॉम्प्युटर छान चालला. मी भावाला फोन करून सांगितलं की डॉक्टरांना कळव, येत नाही. तो म्हणाला, थांब, अजून पंधरा दिवस आहेत. मग ऊन तापलं, माझं साधं टंकन संपून चित्रांच्या पानांची जुळणी सुरू झाली, आणि एकशे बाराव्या पानावर पडदा काळा झाला.

तर अशी जीभ चावून मी बसले होते. पण बाबा हाक ऐकून आत आलेच. त्यांनी काळा पडदा पाहिला आणि कपाटातून आपला मीटर काढून आणला. भिंतीवरच्या बोर्डाला लावून पाहिला.

"दोनशे अठ्ठावीस," म्हणाले. "लाईटचा प्रॉब्लेम नाई हा."

मला खूप वाटत होतं की लाईटचाच असावा. व्होल्टेज कमी असतं, जास्त असतं, वरखाली असतं, आमच्या गावाला त्यातलं काहीही शोभलं असतं. बाबांनी दुपारी पुन्हा पाहिलं, संध्याकाळी पुन्हा पाहिलं. सकाळी दोनशे अठ्ठावीस होतं, दुपारी दोनशे चोवीस, आता दोनशे एकतीस, असं ते जेवताना सांगत होते. कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. हे त्यांच्या लक्षात राहतंय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी फक्त एवढंच ऐकलं की लाईट सुटली, आता संशय खोक्यावर.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बारा मिनिटांत बंद पडला. मग भावाला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यानं प्रोसेसरचं तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम टाकायला लावला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसायला लागला. सत्तर, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याण्णव. घरात कुणाला ताप असला की आपण थर्मामीटरकडे बघतो तशी मी त्या आकड्याकडे बघत होते. सत्त्याण्णवला सगळं बंद.

"प्रोसेसर तापतोय," भाऊ फोनवर म्हणाला. "बाबा, कूलर नीट लागलाय का?"

फोन स्पीकरवर होता. बाबा वाकून मोठ्यानं म्हणाले, "हाव ना, कूलर तं फुल चालू हाये. पाणी बी सकाळीच भरलं म्या."

मग भाऊ अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसा म्हणाला, "तो नाही हो बाबा. प्रोसेसरवरचा कूलर."

"असं असं," बाबा म्हणाले आणि हसले. मीही हसले. आई तर पदर तोंडाला लावून हसली. पण पाच मिनिटांनी भावाचा मला वेगळा फोन आला. "बघितलंस ना ताई? मी काय विचारतोय तेच त्यांना कळत नाहीये. स्वतःच्या हातानं बसवलाय तो कूलर, आणि विसरले."

मला त्याचा असा संताप आला. "अरे, मे महिना आहे! इथं कूलर म्हटलं की खिडकीतला. तुला पुण्यात राहून एवढंही आठवत नाही, मग विसरला कोण?" असं म्हणून मी फोन ठेवला. भांडण जिंकलं, पण शंका घर करून बसली. खरंच विसरले असतील का? कूलरचा डबा त्यांनीच उघडला होता. स्क्रू त्यांनीच आवळले होते.

त्यानंतर चार दिवस हेच चाललं. एकेक गोष्ट तपासायची, ती बरोबर निघायची, आणि बरोबर निघाली की मला जास्त भीती वाटायची. कारण वस्तूत खोट नसेल तर खोट हातात. दुकानदारानं सदोष माल दिला असता तर मी पेढे वाटले असते.

खोक्याची एक बाजू उघडी करून पाहिली. बारा मिनिटांची पंधरा झाली. मग बाबांनी खिडकीतल्या कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे वळवलं. वीस मिनिटं चालला. आई घामाघूम होऊन दारात उभी राहिली.

"माणसं शिजून राह्यले इथं," ती म्हणाली, "अन् हे बाप-लेक खोक्याले हवा घालून राह्यले."

भावाला कळल्यावर तो ओरडला की ओल्या हवेनं बोर्ड जाईल, बंद करा ते. केलं. मग त्यानं विचारलं की आतले पंखे उलटे तर बसले नाहीत ना, हवा बाहेर फेकायच्या ऐवजी आत तर नाही ना ओढत. हे कसं पाहायचं? मी इंटरनेटवर शोधत बसले. तेवढ्यात बाबा देवघरातून पेटती उदबत्ती घेऊन आले आणि खोक्याच्या तोंडाशी धरली. धूर सरळ आत गेला आणि मागच्या बाजूनं बाहेर निघाला.

"हवा बरोबर हाये," ते म्हणाले. "पुढून घेते, मांगून सोडते."

मी तेव्हा टाळ्या वाजवायला हव्या होत्या. त्याऐवजी मी मनातल्या यादीतून पंखे खोडले. आता उरलं काय? प्रोसेसर आणि त्याच्यावर बसलेला तो कूलर. पेस्ट.

"बाबा," मी शक्य तितक्या सहज विचारलं, "जोडताना काही राह्यलं तं नाई ना तुमच्याकडून?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काई नाई राह्यलं." मग म्हणाले, "पेस्ट लावली होती ना म्या?"

"लावली होती, बाबा. तुरीच्या दाण्याएवढी."

"हाव. लावली होती." अर्ध्या तासानं ते पाणी प्यायला आत आले, फ्रीजच्या दारावरच्या पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकवर हात ठेवून उभे राहिले, आणि पुन्हा म्हणाले, "पेस्ट तं लावली होती ना वं?"

मला रडू कोसळेल असं वाटलं. आता मला कळतं की ज्याच्यावर सगळे संशयानं बघत असतात, तो माणूस स्वतःलाही दोनदा विचारतो. तेव्हा मी फक्त मोजत होते. दुसऱ्यांदा विचारलं. एक, दोन.

खामगावच्या ज्या दुकानातून माल घेतला होता, तिथं फोन केला तर ते म्हणाले, घेऊन या, उघडून पाहू. मला ते चित्र डोळ्यांसमोर दिसलं. दुकानात बाबा उभे आहेत, कुणीतरी कूलर उचलतो, आत पाहतो आणि हसतो. ते मी होऊ देणार नव्हते. उघडायचंच असेल तर मी उघडीन, घरात, बाबा नसताना. काही चुकलेलं निघालं तर गुपचूप दुरुस्त करीन. भावालाही सांगणार नाही. इतकं मी ठरवलं होतं.

बाजाराच्या दिवशी बाबा तीन वाजता स्कूटर घेऊन गेले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, "स्कूटर नीट लावा." ते म्हणाले, "हाव." आमच्या दोघांच्याही मनात काय आलं ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून गरम केला, म्हणजे पेस्ट मऊ पडते. मग बंद करून वायर काढली आणि कूलरचे चार स्क्रू सोडवले. समोरासमोरचे आधी, मग उरलेले. बाबाच तसं सांगायचे, कुठलीही चार स्क्रूंची वस्तू असो. स्क्रू अगदी नेमके आवळलेले होते, एकही कमीजास्त नाही. माझी उमेद वाढली. कूलर हलकासा फिरवून मी उचलला आणि उलटा केला.

खाली पेस्ट होती, पसरलेली. पण पेस्टच्या आड, कूलरच्या तांब्याच्या तळाला चिकटून, एक पातळ पारदर्शक प्लास्टिक होतं. नव्या काचेवर असतं तसं. त्याला ओढायला एक छोटीशी शेपटीही होती. कूलर बसवण्याआधी ते सोलून टाकायचं असतं. ते सोललंच नव्हतं. प्रोसेसरची सगळी उष्णता त्या प्लास्टिकपाशी येऊन अडत होती, म्हणून तो तापत होता.

मी ते नखानं सोलून काढलं आणि टेबलावर ठेवलं. एवढंसं ते. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं.

गुपचूप नवी पेस्ट लावून बंद करायचं ठरलं होतं ना? पण माझे हातच चालेनात. तीस वर्षं या माणसानं मुलांना, मदतनिसांना, शेजाऱ्यांना एकच गोष्ट शिकवली होती की जोड देण्याआधी वायर सोला. वरचं आवरण काढल्याशिवाय करंट जाणार नाही. मला सहावीत असताना ते शिकवलं होतं. आणि तोच माणूस सोलायला विसरला. मला वाटलं, झालं. आता शंका उरली नाही. माझे बाबा जायला लागलेत, आणि मी पहिल्यांदा ते माझ्या बोटांत धरून पाहिलंय.

मी भावाला फोन केला. न सांगण्याचं ठरवलेलं टिकलं नाही, कारण मला एकटीला ते पेलवेना. तो सगळं ऐकत गेला. मग म्हणाला, "ताई, सोमवार रद्द करू नको." मी म्हटलं, "नाही करत."

पाच वाजले, साडेपाच झाले, बाबा आले नाहीत. बाजार एवढा लांब नाही. मी फोन लावला तर त्यांचा फोन आतल्या खोलीत वाजला. आई दोनदा दारात जाऊन आली. पावणेसहाला गल्लीच्या टोकाला बाबा दिसले. दोन हातांत दोन पिशव्या. पायी.

आईनं माझा दंड धरला. तिचे डोळे भरून आले होते. मी पुढे गेले, त्यांच्या हातातली एक पिशवी घेतली आणि विचारलं, "स्कूटर?"

"पंक्चर झाली. नाक्यावर टाकली दुकानात. सकाळी देतो म्हणे."

"कोणत्या दुकानात?"

ते थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगतलं ना नाक्यावर. काऊन, खोटं वाटून राह्यलं?"

मी नाही म्हटलं, पण मला वाटत होतं. मनात आलं की हे त्यांनी वाटेत रचलं असेल.

घरात आल्यावर ते सरळ माझ्या खोलीत गेले. मी धावले, पण उशीर झाला होता. उघडा कॉम्प्युटर, उलटा ठेवलेला कूलर, आणि बाजूला ते प्लास्टिक. बाबांनी ते चिमटीत उचललं आणि उजेडाकडे धरलं.

"काऊन काढलं वं हे?"

"बाबा, हे... हे काढाचं राह्यलं होतं तुमच्याकडून."

"राह्यलं नाई," ते म्हणाले. "ठेवलं होतं म्या."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? नवी वस्तू हाये. फ्रीजवरचं काढलं का आपण नऊ वर्षांत? बर्फ जमते का नाई त्याच्यात? रिमोटवरचं काढलं? च्यानल बदलते का नाई?" त्यांचा आवाज चढला. "वायर असती तं सोलली असती म्या. करंटले सोला लागते. हे तं थंड कराची वस्तू. थंड्याले काय सोला लागते? उगाच तांब्यावर ओरखडे पडतीन म्हून राहू देलं. चांगली शेपटी होती त्याले, दिसली नसती का मले?"

मी खुर्चीत बसले. माझ्या धंद्यात चुका दोन प्रकारच्या असतात. एक बोट घसरून झालेली. ती एखाद्या पानावर असते आणि पुढच्या पानावर नसते. दुसरी, लेखकाला तेच बरोबर वाटतं म्हणून केलेली. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळीकडे सारखीच सापडते. फ्रीजवर, रिमोटवर, स्कूटरच्या सीटवर, माऊसवर, आणि आता कूलरखाली. एवढी वर्षं मुद्रितं तपासते मी, आणि माझ्याच घरातली ही चूक मला वाचता आली नाही. बाबा विसरले नव्हते. त्यांनी विचार केला होता, आणि विचार करून चुकले होते.

मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि ते मला लपवताही आलं नाही. आई घाबरून आत आली. बाबा गोंधळून उभेच, हातात ते प्लास्टिक.

"आता रडाले काय झालं? काढ मंग काढाचं असन तं!"

"बाबा, मले वाटलं तुम्ही विसरले."

त्यांनी ते प्लास्टिक टेबलावर ठेवलं. मग पलंगाच्या कडेवर टेकले.

"त्या दिशी स्कूटर विसरलो होतो, ते खरं हाये," ते म्हणाले. "पक्कड बी विसरलो होतो. मले काय मालूम नाई? पण हे नाई विसरलो." आणि मग आईकडे न बघता, "सोमवारी गुडघे दाखवाले जाऊन राह्यलो, तं बॅगेत माझी फाईल कशाले ठेवली? बीपीची, शुगरची? गुडघ्याले शुगरची फाईल लागते का?"

आईनं पदर डोळ्यांना लावला. मी जमिनीकडे पाहत होते.

"मले सांगतलं असतं तं आलो नसतो का मी?" बाबा म्हणाले. रागानं नाही. मला वाटतं, रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मला खूप काही बोलायचं होतं. की भीती वाटत होती, की तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, की मी तर भावाशी भांडत होते. पण त्यातलं कुठलंच उत्तर त्यांच्या प्रश्नाचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "चुकलं, बाबा."

"बरं, चला आता," ते म्हणाले आणि चष्मा खाली केला. "कापूस आन. जुनी पेस्ट पुसाव लागन."

आम्ही दोघांनी मिळून ते केलं. मी पुसलं, त्यांनी तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि समोरासमोरचे स्क्रू आवळले. कॉम्प्युटर सुरू करून मी चित्रांची पानं उघडली आणि आम्ही तिघं कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत बसलो. अठ्ठेचाळीस. पंचावन्न. एकसष्ट. बासष्टला तो थांबला, आणि अर्धा तास तिथंच राहिला.

"म्हंजे थंड्याले बी सोलाच लागते," बाबा स्वतःशीच म्हणाले. आयुष्यभराचं एक मत बदलताना माणूस जसा थोडा हिरमुसतो तसे ते दिसत होते.

भावाला मी फ्रीजची गोष्ट सांगितली. पुण्याची सगळी भाषा गळून पडली आणि तो म्हणाला, "बराबर तं हाये ना त्यायचं! बर्फ तं जमतेच!" आणि हसत राहिला. हसण्याच्या शेवटी त्याचा आवाज जरा ओला झाल्यासारखा वाटला. मग विचारलं, "सोमवारचं?"

"जायचं," मी म्हटलं. "पण सांगून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या आधी उठून नाक्यावर गेले. स्कूटर दुकानात होती, चाक काढून ठेवलेलं. हे मी बघायला गेले होते हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. लाज वाटते.

सोमवारी आम्ही अकोल्याला निघालो. आई बाहेर गाडीत जाऊन बसली होती. बाबा आरशापुढे भांग पाडत होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मग त्यांनी माझ्या टेबलाचा खण उघडला, कागदाच्या घडीत ठेवलेलं ते प्लास्टिक काढलं आणि पेनाशेजारी खिशात ठेवलं.

"बाबा, ते कशाला?"

"डॉक्टर इचारन, काय काय विसरते म्हून," ते म्हणाले. "स्कूटर सांगजो. पक्कड सांगजो. सगळं सांगजो, काई झाकू नको." त्यांनी खिशावर हात ठेवला. "पण हे बी दाखवजो त्याले. हे मी विसरलो नव्हतो म्हनाव."